‘ग्राइंडरलाच लाकडाचं पातं लावा’ या मेसेजला उत्तर

सुतारकामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, सोबत व्हिडिओ. मजकूर थोडक्यात असा: ‘मायटर सॉवर 20-25 हजार घालवू नका. 4 इंची ग्राइंडरचं गार्ड काढा, लाकूड कापायचं पातं चढवा, तेच काम दोन हजारांत होतं. मायटर सॉ घ्यायचाच असेल तर 12 इंची घ्या, पातं जेवढं मोठं तेवढी रुंद फळी कापते. लेझरवाला घ्या, गुण्या लावायची कटकट नाही. पातं जास्तीत जास्त दातांचं बसवा. मशीन कुठल्याही प्लगवर चालतं.’ (मायटर सॉ म्हणजे लाकूड हव्या त्या कोनात आडवं कापायचं, बैठकीवर बसवलेलं करवतीचं मशीन. ग्राइंडर म्हणजे हातात धरून चकतीनं घासायचं-कापायचं मशीन, गार्ड म्हणजे चकतीवरचं संरक्षक झाकण, आणि गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं साधन.)

मला हा मेसेज माझ्या मावसभावानं पाठवला. त्यानं नुकतीच सांगलीत फर्निचरची स्वतंत्र कामं घ्यायला सुरुवात केली आहे. खाली त्यानं लिहिलं होतं, ‘दादा, खरंय का? ग्राइंडर तर आहेच माझ्याकडे.’ त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण हे वाचून आज संध्याकाळी ग्राइंडरचं गार्ड काढणारे आणखी कितीतरी जण असतील.

आधी ग्राइंडर. तुमच्या ग्राइंडरच्या खोक्यात एक पुस्तिका आली होती, ती बहुतेक खोक्यासकट फेकून दिली असेल. कुठल्याही नावाजलेल्या कंपनीची पुस्तिका काढा. सुरक्षेच्या सूचनांत एक वाक्य हमखास सापडतं: या मशीनला दातेरी करवतीचं पातं लावू नका, अशा पात्यांनी मशीन वारंवार उसळतं आणि ताबा सुटतो. ही त्या एका कंपनीनं अंग झटकण्यासाठी घातलेली ओळ नाही. हातात धरायच्या ग्राइंडरसाठी आयईसी 62841-2-3 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि ही सूचना त्यातून आलेली आहे, म्हणून सगळ्यांच्या पुस्तिकांत ती जवळपास त्याच शब्दांत दिसते. मशीन बनवणाराच ‘हे करू नका’ म्हणतोय आणि व्हिडिओतला माणूस ‘जुगाड’ म्हणून तेच शिकवतोय.

असं का लिहिलंय तेही समजून घ्या. 4 इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण 11 हजार फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 180 हून जास्त. दगडी चकती घासत घासत कापते, तिला दात नसतात. लाकडाच्या पात्याचा प्रत्येक दात लाकडात रुततो आणि चावा घेतो. मधे गाठ आली, लाकडाचा चिरा मिटला किंवा हात जरा तिरका झाला की पातं अडकतं. पातं थांबलं तरी मोटरचा जोर थांबत नाही, तो सगळा मशीनवर उलटतो आणि मशीन तुमच्या अंगावर येतं. सर्क्युलर सॉला, म्हणजे हातात धरून चालवायच्या गोल करवतीला, निदान लाकडावर टेकायची पट्टी असते. ग्राइंडरला टेकू नाही, त्याला धरून ठेवणारे तुमचे दोन हात, आणि साइटवर बघावं तर बहुतेकांचा एकच. त्यात बऱ्याच ग्राइंडरांचं बटण पुढे सरकवलं की अडकून बसतं. मशीन हातातून सुटलं तरी ते फिरतच राहतं, मांडीवर पडलं तरीही.

आणि हे सगळं गार्ड काढून! गार्ड का काढायचं, तर पातं जास्त खोल जातं म्हणून. गार्ड काढलं की 5 इंची पातं बसतं, मग कोणीतरी 7 इंचीही चढवतो, 20 मिलिमीटरच्या भोकात 16 ची रिंग घालून. 7 इंची पात्यावर त्याची कमाल गती छापलेली असते आणि ती ग्राइंडरच्या गतीपेक्षा बरीच कमी असते. कोणी वाचत नाही. पात्याचा एक कार्बाइडचा दात उडाला तर तो कुठल्या दिशेला जाईल हे मशीन धरणाऱ्याच्या हातात नसतं. आमच्या साइटवरच्या एका पोराची डाव्या हाताची दोन बोटं अशाच कटात गेली. पंचेचाळीस अंशांचा कट मारायचा होता, दीड इंची बीडिंग पट्टीला. त्या पट्टीला हातकरवत आणि लाकडी मायटर बॉक्स, म्हणजे कोनाच्या खाचा असलेली पेटी, पुरेसा होता.

याउलट मायटर सॉमध्ये लाकूड पाठीमागच्या आडपट्टीला टेकलेलं आणि क्लॅम्पनं धरलेलं असतं, पातं ठरलेल्या वाटेनंच खाली येतं, डोकं वर गेलं की खालचं गार्ड आपोआप पात्यावर येतं, आणि बोट ट्रिगरवरून उचललं की मोटरचा करंट तुटतो. पैसे याचे आहेत. अचूक कोन ही त्यावरची भर. मार्बल कटरला (फरशी कापायच्या मशीनला) लाकडाचं पातं लावणारेही पुष्कळ आहेत. त्याला बैठक असते म्हणून तो ग्राइंडरपेक्षा बरा एवढंच म्हणेन, पण खालून पातं उघडंच असतं, तेव्हा त्याचीही शिफारस करणार नाही.

मेसेजमधला एक धागा मात्र मानायला हवा, मनात नसलं तरी. प्रत्येक सुताराला मायटर सॉ लागत नाही. ज्याचं काम मुख्यतः 8 बाय 4 च्या प्लायचं, किचन ट्रॉली आणि कपाटांचं आहे, त्याला आधी चांगला सर्क्युलर सॉ आणि सरळ गाइड पट्टी हवी. मायटर सॉवर प्लायची शीट कापता येत नाही, तो लांब तुकडे आडवे कापायचं मशीन आहे. चौकटी, पट्ट्या, स्कर्टिंग, फोटोफ्रेम, पलंगाच्या कडा ही कामं रोज असतील तरच त्यात पैसे घाला. ‘घेऊ नका’ एवढंच मेसेज म्हणाला असता तर मी काही लिहिलं नसतं.

आता ‘12 इंची घ्या’. पात्याचा व्यास म्हणजे कापाची रुंदी नव्हे. पात्याचा मधला भाग मोटर आणि फ्लँजमध्ये (पातं आवळणाऱ्या चकतीत) जातो, गोल पातं फळीवर उतरतं तेव्हा त्याचा थोडाच भाग खालपर्यंत पोचतो. न सरकणारं 10 इंची मशीन सरळ कटात साधारण 5 इंच रुंदी घेतं, 12 इंची साधारण 8 इंच. आणि 8.5 इंची स्लायडिंग मशीन, ज्यात डोकं दांड्यांवर पुढे-मागे सरकतं, ते 12 इंचांच्या आसपास रुंद फळी कापतं. म्हणजे रुंदी हवी तर नुसतं पातं मोठं करून भागत नाही, स्लाइड बघायची. वजनाचाही विचार करा. साधं 10 इंची 11 किलोच्या आसपास मिळतं, 12 इंची स्लायडिंग 25 किलो आणि त्याहूनही वर जातं. लिफ्ट नसलेल्या इमारतीत ते रोज तिसऱ्या मजल्यावर कोण नेणार? मावसभावाला मी विचारलं, तुझी चौकट केवढ्याची? म्हणाला, जास्तीत जास्त 5 बाय अडीच इंच. सरळ कटाला साधं 10 इंची पुरतं, खरेदीआधी त्या मॉडेलचा कापाचा तक्ता मात्र बघायचा, 90 चा आणि 45 चा वेगवेगळा. पंचेचाळीसला रुंदी बरीच घटते. दोन्हीकडे झुकणारं डोकं, म्हणजे ड्युअल बेव्हल, त्यासाठी जादा पैसे देऊ नका. आपल्याकडच्या रोजच्या कामात तुकडा उलटा करून भागतं.

लेझरचं म्हणाल तर लेझर पातं कुठे पडेल ते दाखवतो, कोन बरोबर आहे की नाही ते दाखवत नाही. कोन ठरतो मागच्या आडपट्टीवर आणि मशीनच्या कोनांच्या खाचांवर. चौकटीच्या चार कोपऱ्यांना आठ कट लागतात. प्रत्येकात अर्ध्या अंशाची चूक असली तर चौथ्या कोपऱ्यात चार अंश उघडे पडतात. लेझरची रेघ झगझगीत असूनही सांधा पुट्टीनं भरावा लागतो, आणि पॉलिशच्या कामात पुट्टी लपत नाही. नव्या मशीनलाही गुण्या लावून आडपट्टी जुळवावीच लागते.

पात्याचे दात: गुळगुळीत कटाला 60 ते 80 दात ठीक, पण सागाच्या किंवा सालच्या जाड चौकटीला 80 दातांचं पातं तापतं, लाकूड काळं पडतं. तिथे 40 चं घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मायटर सॉसाठीच बनवलेलं पातं घ्या. त्याचे दात सरळ किंवा किंचित मागे कललेले असतात, म्हणून ते लाकडावर चढत नाही. स्लायडिंग मशीनमध्ये डोकं आधी आपल्याकडे ओढायचं, खाली दाबायचं आणि मग ढकलत कापायचं. ओढत कापलं की पातं फळीवर चढून तुमच्याकडे धावतं.

प्लगचं तर सरळ चुकीचं आहे. 1,500-1,600 वॉटचं मशीन 230 व्होल्टला साडेसहा ते सात अँपिअर घेतं, सुरू होताना त्याहून जास्त. 6 अँपिअरच्या साध्या सॉकेटवर ते लावायचं नाही, 16 चं सॉकेट हवं आणि एक्स्टेंशन 2.5 चौरस मिलिमीटरच्या वायरचं, तेही पूर्ण उलगडून. बारीक वायरच्या लांब गुंडाळीवर व्होल्टेज पडतं, मोटर तापते, मग ‘मशीन हलकं निघालं’ अशी ओरड होते.

दुकानात जाताना एक सरळ रंधलेली, चार इंच रुंद पट्टी सोबत न्या. मशीन 90 वर लावून ती मधोमध कापा, एक तुकडा पालथा करा आणि दोन्ही टोकं भिडवा. कोनात चूक असेल तर ती दुप्पट होऊन फटीतून उजेड दिसेल. मग तसंच 45 ला करा, दोन तुकडे जोडून गुण्या लावा. हे करू न देणाऱ्या दुकानदाराकडून मशीन घेऊ नका.