रेटच्या मुलींना ईसीजी कशाला? या मेसेजला उत्तर

नाशिकच्या विशेष मुलांच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘रेट सिंड्रोम मेंदूचा आजार आहे, हृदयाच्या तपासण्या म्हणजे लूट. एकदा ईसीजी नॉर्मल आला की विषय संपला. मुलगी निळी पडली तर ती आकडीच.’ माझ्या मुलीला रेट आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

आजार मेंदूचा, हे खरं. पण हृदयाच्या ठोक्यांवर मज्जातंतूंचाही ताबा असतो. रेट हा मुख्यतः मुलींना होणारा आजार, त्यात बहुतेकदा एमईसीपी२ या जनुकात दोष असतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंदरांच्या फक्त मज्जासंस्थेतून हे जनुक काढलं, तरी ईसीजीतला क्यूटी कालावधी लांबला. म्हणजे ठोक्यानंतर हृदयाला पूर्ववत व्हायला उशीर लागतो आणि तेवढ्यात जीवघेणी बेताल लय सुरू होऊ शकते. रेटच्या साधारण पाचातल्या एका मुलीत क्यूटी लांबलेला आढळतो. या आजारातले जवळपास पाव मृत्यू अचानक होतात. ते सगळे हृदयामुळेच होतात असं नाही, पण ती शक्यता डोळ्याआड करता येत नाही.

लूट म्हणाल, तर ईसीजी स्वस्त आणि बिनदुखण्याचा. जिल्हा रुग्णालयातही निघतो.

‘एकदा नॉर्मल’ हे वाक्य सगळ्यात घातक. क्यूटी पुढे वयानुसार लांबू शकतो, म्हणून निदान झाल्यावर एकदा आणि मग दरवर्षी ईसीजी काढायचा. मुली सतत हात चोळतात, त्यामुळे आलेख हलतो. मशीनने छापलेल्या आकड्यावर थांबू नका, बालहृदयरोगतज्ज्ञांकडून क्यूटी मोजून घ्या.

आकडी रेटमध्ये नेहमीची, श्वास रोखून निळं पडणंही. पण लय बिघडून शुद्ध हरपली तरी अंग तसंच झटकतं. मोबाइलवर व्हिडिओ काढून मेंदूच्या आणि हृदयाच्या, दोन्ही डॉक्टरांना दाखवा.

मेसेजमध्ये औषधांचा उल्लेखच नाही, मला मात्र काळजी त्यांचीच जास्त. उलटी झाली की आपण मेडिकलमधून डॉमपेरिडोन किंवा ऑन्डान्सेट्रॉन आणतो, घशासाठी क्लॅरिथ्रोमायसिन. ही तिन्ही क्यूटी लांबवू शकतात. जुलाबाने पोटॅशियम उतरलं असेल तर धोका आणखी वाढतो. आपल्या मनाने काही सुरू करू नका, चालू असलेलं बंदही करू नका. क्यूटी लांबलेला निघाला तर औषध कोणतं द्यायचं ते हृदयाच्या डॉक्टरांना ठरवू द्या. शेवटच्या ईसीजीचा क्यूटी फाइलच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून ठेवा, आणि दातांसाठी भूल द्यायची असली तरी भूलतज्ज्ञांना तो आधी दाखवा.