«सीन सेफ» म्हणा आणि सही करा!

अ‍ॅम्ब्युलन्सच्या क्रूसाठी हिंसक प्रसंगांचं म्हणून जे ट्रेनिंग असतं ना, ते आहे तसंच चालवायचं असेल तर बंद तरी करा. वर्षातून एकदा सगळ्यांना एका खोलीत कोंबायचं, स्लाइड सरकवायच्या, टिकमार्कचे चार प्रश्न, सर्टिफिकेट फाइलला. झालं. उद्या कुणी मार खाल्ला की तीच फाइल बाहेर येते: बघा, आम्ही तर ट्रेनिंग दिलं होतं.

पहिलीच स्लाइड म्हणते, सीन, म्हणजे घटनेची जागा, सुरक्षित असल्याची खात्री करा. अहो, पण कशी? प्रॅक्टिकलला डमीजवळ जाताना तोंडाने «सीन सेफ» म्हटलं की मार्क मिळतात. मान वर करून इकडेतिकडे बघितलं का, ते कुणी विचारत नाही. शिवाय ही खात्री जणू एकदाच करायची असते! दारातून शांत दिसलेलं घर दहाव्या मिनिटाला पेटतं. पेशंट शुद्धीवर येतो आणि झटापट करतो, मागच्या खोलीतून दारू प्यायलेला भाऊ येतो, «उशीर का केलात» म्हणत कुणीतरी अंगावर धावतं. तिथे काय करायचं, त्याची स्लाइड नाही.

शिकवायचं ते साधं आहे, पण हाताने करून घ्यावं लागतं. मारामारीचा किंवा हत्याराचा कॉल असेल तर पोलीस येईपर्यंत गाडी घरापासून लांब, दिसणार नाही अशी थांबवायची, सायरन आणि दिवे बंद. थेट दारासमोर लावायची नाही, आणि तोंड बाहेर निघायच्या दिशेला ठेवायचं, म्हणजे पळताना रिव्हर्स घेत बसावं लागत नाही. दार वाजवताना समोर उभं राहायचं नाही, बाजूला भिंतीलगत राहायचं. टॉर्च छातीशी नाही, हात लांब करून धरायचा. आत शिरल्यावर बाहेरची वाट आपल्या पाठीशी हवी, पेशंटच्या नाही. बोलणं शक्यतो स्वयंपाकघरात नको, तिथे हाताशी सुऱ्या असतात. हे सगळं एका खऱ्या दाराशी, खरी बॅग खांद्यावर घेऊन वीस वेळा करून घ्या. स्लाइडवरचा बाण बघून कुणाचे पाय वळत नाहीत.

दोघांच्या क्रूमध्ये कुणी काय करायचं, हे तर बहुतेक ठिकाणी ठरलेलंच नसतं. एकाने पेशंटशी बोलायचं आणि तपासायचं. दुसऱ्याने खोली, लोकांचे हात आणि दरवाजा बघायचा. होतं असं की दोघंही बीपीच्या पट्ट्यावर वाकलेले आणि मागे काय चाललंय याचा पत्ता कुणालाच नाही. निघायचं ठरलं की वापरायचं वाक्यही आधी ठरलेलं हवं, वरून अगदी साधं वाटणारं. ते एकाने उच्चारलं की दुसऱ्याने «का?» विचारायचं नाही. बॅग राहिली तर राहू द्या.

मग येतो तो अर्ध्या दिवसाचा सेल्फ डिफेन्स. मऊ मॅट, ट्रॅकपँट, समोर हसत हसत मनगट धरणारा जोडीदार. खरी झटापट होते चालत्या गाडीच्या मागच्या भागात: बूट, हातमोजे, एका हातात सलाइन, ऑक्सिजनची नळी पायात, आणि सरळ उभं राहायलाही जागा नाही. मनगट सोडवायचं तर त्याच्या अंगठ्याच्या दिशेने झटका द्यायचा. केस धरले तर त्याचा हात दोन्ही हातांनी आपल्याच डोक्यावर घट्ट दाबायचा, ओढाताण नको. चावला तर आपला हात मागे खेचायचा नाही, त्याच्या तोंडाकडेच ढकलायचा. खेचला की मांस फाटतं. हे बसलेल्या स्थितीत, त्याच अरुंद जागेत शिकवा ना! आणि गळ्यात स्टेथोस्कोप, गळ्यात न तुटणाऱ्या दोरीचं ओळखपत्र, कमरेला उघडी कात्री लावून उभ्या असलेल्या प्रशिक्षकाने आम्हाला सुरक्षितता शिकवू नये, एवढी तरी लाज असावी.

बांधण्याचा विषय काढला की सगळे गप्प. पेशंटला सुरक्षित बांधायला पाच माणसं लागतात: चार हातापायांना, पाचवा डोक्याशी, तोच सूचना देतो आणि श्वासावर लक्ष ठेवतो. गाडीत किती असतात? दोन, त्यातला एक स्टिअरिंगवर. म्हणजे मदत येईपर्यंत लांब राहायचं, हेच उत्तर. पण ते स्पष्ट लिहून द्यायची कुणाची तयारी नाही. पालथं कधीच बांधायचं नाही, पाठीवर गुडघाही टेकवायचा नाही, श्वास कोंडून माणूस मरतो. पट्टे स्ट्रेचरच्या मुख्य फ्रेमला, खालीवर होणाऱ्या कठड्याला नाही. बांधल्यावर हातापायाची नाडी आणि बोटांचा रंग पुन्हा पुन्हा बघायचा. आणि एकदम शांत झाला तर «बरं झालं» म्हणू नका, आधी श्वास बघा.

सगळ्यात जास्त डोक्यात जातं ते «हिंसक पेशंट» असं सरसकट लेबल. ग्लुकोमीटरवर साखर 40 पर्यंत उतरलेला माणूस लाथा मारणारच. ऑक्सिजन कमी पडलेला, डोक्याला मार लागलेला, आत्ताच फिट येऊन गेलेला, दारू अचानक बंद केलेला, सगळे असेच वागतात. नॅलोक्सोन, म्हणजे अफूजन्य नशेवरचा उतारा, भसकन पूर्ण दिलं की नशेने बेशुद्ध माणूस उलटी करत, चवताळून उठतो. आधी बॅग-मास्कने (तोंडावर मास्क धरून हाताने फुगा दाबत) श्वास द्या, मग औषध थोडं थोडं, श्वास नीट चालेपर्यंतच. हा धडा हिंसेच्या ट्रेनिंगमध्ये कुठेच नसतो, कारण तो म्हणे «मेडिकल विषय» आहे! उलट «एक्सायटेड डेलिरियम»ची, म्हणजे बेभान, चवताळलेल्या माणसाला चिकटवल्या जाणाऱ्या वादग्रस्त निदानाची, स्लाइड अजून फिरतेय. अमेरिकन कॉलेज ऑफ इमर्जन्सी फिजिशियन्सने त्यावरच्या आपल्या 2009च्या अहवालाची मान्यता 2023मध्ये काढून घेतली. स्लाइड बनवणाऱ्यांपर्यंत बातमी पोहोचलेली दिसत नाही.

आणि मार खाल्ल्यावर? लांबलचक फॉर्म, तोही शिफ्ट संपल्यावर, स्वतःच्या वेळेत. त्यात «हा प्रसंग टाळण्यासाठी कर्मचाऱ्याने काय करायला हवे होते?» हा रकाना हमखास असतो, पण या पत्त्यावर कंट्रोल रूमने धोक्याची खूण लावावी का, हा रकानाच नसतो. म्हणून कुणी फॉर्म भरत नाही, म्हणून वरच्यांच्या तक्त्यात घटना शून्य, म्हणून पुढच्या वर्षी त्याच स्लाइड. पत्त्याची खूण कंट्रोलच्या स्क्रीनवर कॉल घेतानाच दिसली पाहिजे आणि गाडीला निघतानाच सांगितली पाहिजे, दारात पोहोचल्यावर नाही. तिला फेरतपासणीची तारीखही हवी. नाहीतर तो माणूस घर सोडून वर्ष झालेलं असतं आणि क्रू कोपऱ्यावर पोलिसांची वाट बघत थांबलेला, आत नव्या भाडेकरूला हार्ट अटॅक.