‘निरीक्षक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

निरीक्षक महोदय (की महोदया? टोपणनावावरून कळत नाही, चालवून घ्या),

पॉलिअमाइन (पेशीतले, अनेक अमाइन गट म्हणजे नायट्रोजनचे गट असलेले छोटे रेणू) आणि कर्करोगाच्या पेशी यांवरच्या माझ्या लेखातली एक चूक आधीच कबूल करतो. स्पर्मिडीन या पॉलिअमाइनला चार अमाइन गट असं लिहिलं गेलं. तीन हवेत, चार असतात ते स्पर्मिनला. दुरुस्त केलंय, आभार.

आता तुमचं वाक्य: “पॉलिअमाइन काढले की डीएनएची नक्कल थांबते म्हणे! गुगलून लिहिण्याआधी कधी पेशी बघितल्यात का?”

‘थांबते’ हा शब्द माझ्या लेखात शोधून दाखवा. मी ‘रेंगाळते’ लिहिलंय. डीएनएवर ऋण भार, पॉलिअमाइनवर धन, म्हणून ते त्याला बिलगून असतात. डीएफएमओ या औषधानं ओडीसी हे पॉलिअमाइन बनवायला लागणारं विकर (एन्झाइम) बंद पाडलं की पुट्रेसिन आणि स्पर्मिडीन आटतात (स्पर्मिन चिवट, ते फारसं हलत नाही) आणि स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींचा एस टप्पा (पेशी डीएनएची नक्कल करते तो काळ) लांबतो. नक्कल सुरू होते, पुढे सरकायला वेळ खाते. स्लो लोकल आणि मेगाब्लॉक यांतला फरक मुंबईकराला मी समजावायचा?

आणि “पेशी बघितल्यात का”? अहो, परळच्या एका प्रयोगशाळेत २२ वर्षं दुसरं काय केलं? २६ जुलै २००५ ला बाहेर कमरेएवढं पाणी, वीज गेलेली. एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींच्या फ्लास्कांपाशी रात्र काढली मी. ३७ अंशांची ऊब टिकावी, कुणी सवयीनं दार उघडू नये, म्हणून इनक्युबेटरला चिकटपट्टी लावून बाजूला स्टुलावर बसलो होतो. तुम्ही तेव्हा बहुधा शाळेत असाल. पेशींना ब्रोमोडीऑक्सियुरिडीन (नव्यानं बनणाऱ्या डीएनएत शिरून त्यावर खूण करणारं रसायन) देऊन, ठराविक तासांनी नळ्या गोळा करून, एस टप्पा किती लांबला ते मोजलंय या हातांनी. गुगलनं नाही.

बाकी तुमचा मुद्दा, की पेशी बाहेरूनही पॉलिअमाइन ओढून घेतात, ते आहारातून येतात, आतड्यातले जिवाणूही बनवतात, मग नुसत्या डीएफएमओनं रुग्णाच्या शरीरात काय साधणार? तो वेगळा विषय झाला. लेख प्रयोगशाळेतल्या प्लेटमध्ये वाढवलेल्या पेशींचा होता. चीज-सोयाबीनबद्दल तर मी अवाक्षर काढलेलं नाही.

जाता जाता, ‘प्रथिन’मधला थि ऱ्हस्व असतो, तुम्ही तीनदा दीर्घ केलाय. पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावानं पाठवा, नाहीतर मंजूर करणार नाही.