मागणं म्हणजे गर्व कसा?
"खरा नम्र माणूस देवाकडे काही मागत नाही" हे एका लेखातलं वाक्य काही पटलं नाही बुवा. येशूनेच शिकवलेली प्रार्थना बघा ना, बायबलात मत्तयच्या 6व्या अध्यायात, भाकर दे, क्षमा कर, वाइटापासून सोडव, सगळी मागणीच की! आणि भाकर पण आजचीच, महिन्याचा स्टॉक नाही, म्हणजे उद्या परत हात पसरायचाच. उलट लूकच्या 18व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या गोष्टीतल्या परूश्याने, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या माणसाने, काहीच मागितलं नाही, नुसता उपासाचा न् दशांशाचा (देवाला दिलेल्या कमाईच्या दहाव्या हिश्श्याचा) हिशोब ऐकवला, दया मागितली ती जकातदाराने, म्हणजे लोक ज्याला पापी समजायचे त्या कर वसूल करणाऱ्याने.

मीही वर्षानुवर्षं सजवलेल्या शब्दांत प्रार्थना करायचो, पण आई आयसीयूत होती त्या रात्री बाहेरच्या बाकड्यावर बसल्या बसल्या तोंडातून एवढंच निघालं, प्रभू, मला नाही जमत आता, तूच बघ.