चालवा काका, सेट होईल!

नवीन बांधलेलं इंजिन टकटक करतंय म्हटलं की रत्नागिरीत जिथे जाल तिथे एकच उत्तर: "चालवा काका, सेट होईल." अरे, काय सेट होईल? रिंगा बसायला वेळ लागतो, मान्य. झिजलेला कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, चालवून भरून येतो का?

गाडी वडिलांची अ‍ॅम्बेसेडर, १४८९ सीसी पेट्रोल. बोअरिंग, पिस्टन, बेअरिंगा सगळं झालं, कॅमशाफ्टसुद्धा कोल्हापूरहून नवा मागवला. आणि आता साखरपा सोडून आंबा घाट लागला की कार्बोरेटरमधून फाट् फाट्! मागे एसटीवाला हॉर्नवरून हात काढत नाही.

निदानं तरी काय एकेक! एकाला कार्बोरेटरमध्ये कचरा दिसला. दुसऱ्याने डिस्ट्रिब्युटर फिरवला. तिसरा म्हणे, पावसाळा आहे, पेट्रोलात पाणी गेलं असेल. आणि जाता जाता प्रत्येकाने टॅपेट टाइट करून दिला, म्हणजे व्हॉल्व्हची गॅप कमी केली, तीही फिलर गेज (गॅप मोजायची पट्टी) न लावता, नुसतं बोटाने हलवून. चौथा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पाचवा सेट करायचा, बेरीज नऊ. या इंजिनाचा हा साधा हिशोबसुद्धा कोणाला ठाऊक नाही. दोन दिवस शांत, मग पुन्हा टकटक. लॉकनट घट्ट आहे आणि एकाच व्हॉल्व्हची गॅप पुन्हा पुन्हा वाढतेय, म्हणजे खाली काहीतरी झिजतंय, एवढं कळायला आयटीआय करावं लागतं का?

शेवटी मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून हालचाल मोजायचा डायल गेज मागून आणला, वरचं कव्हर काढलं आणि हँडलने इंजिन फिरवत व्हॉल्व्ह दाबणारा एकेक रॉकर किती हलतो ते मोजलं. पाचवा, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट, बाकीच्यांच्या निम्मासुद्धा हलत नव्हता. जळलेल्या गॅसला बाहेर जायला वाटच नाही, मग इनटेक उघडला की तो उलटा कार्बोरेटरमध्ये घुसतो. हीच ती फटफट! कॉम्प्रेशन मात्र ठीक येतं, म्हणून सगळे छाती ठोकून सांगत होते, इंजिन ओके आहे.

या ब्लॉकला बाजूला दोन झाकणं आहेत. रॉकर आणि त्यांना ढकलणारे पुशरॉड काढले की टॅपेट, म्हणजे कॅमवर टेकून पुशरॉड उचलणारे तुकडे, तिथून हाताने निघतात, हेड उतरवावं लागत नाही. पाचवा काढला. टॅपेटचा तळ किंचित फुगीर असायला हवा. हा बशीसारखा खोल, वर खड्डे पडलेले. आणि बाकीचे पाहिले तर डोकंच फिरलं. सगळे जुने! नव्या कॅमवर जुने टॅपेट! जुन्याचा तळ जुन्या लोबवर, म्हणजे कॅमच्या उंचवट्यावर, झिजलेला असतो. नव्या लोबवर तो नीट फिरत नाही, आणि न फिरणारा टॅपेट लोब खाणारच. नवा कॅम तर टॅपेटही नवे, ही काय आजची गोष्ट आहे?

त्यात पहिलं स्टार्टिंग. कॅमच्या लोबवर क्रँक उडवेल तेवढंच ऑइल येतं, म्हणून स्टार्ट झाल्याबरोबर वीसेक मिनिटं दोन हजार आरपीएमच्या वर ठेवायचं असतं. आमच्या मिस्त्रींनी मंद आयडलिंगवर सोडून चहा मागवला! ऑइल कुठलं, तर नव्या गाड्यांचं ५डब्ल्यू-३०, "भारीतलं आहे काका." भारीतलं आहे रे, पण २००४ पासून एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेने या पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर आणून ठेवलाय. म्हणजे झिंक-फॉस्फरसवालं जे अ‍ॅडिटिव्ह असल्या कॅमला वाचवतं, तेच कमी. त्याला काय त्याचं, डब्यावरचं चित्र छान होतं.

ऑइल काढून त्यात लोहचुंबक फिरवला तर काळी लोखंडी मिशी चिकटून आली. फिल्टरचा कागद कापून उन्हात धरला तर नुसता चकाकत होता. हा कीस पंपातून फिरून नव्या बेअरिंगांपर्यंत गेलाय, म्हणजे इंजिन पुन्हा पूर्ण खोला, ऑइलच्या वाटा धुवा, सगळं पहिल्यापासून.

मजुरीचं विचारलं तर मिस्त्री म्हणतो, "ती पूर्ण लागेल काका, काम तेवढंच आहे ना." आणि मी काढून ठेवलेले टॅपेट त्याने फडक्याने पुसून आपल्या डब्यात टाकले. दुसऱ्या एका गाडीला होतील म्हणे.