फिनेल ओतायचं, पण मोजायचं नाही!

भाचीचा विज्ञान प्रदर्शनाचा प्रकल्प आज शाळेने नाकारला. कारण काय, तर 'जीवहत्या'. डोकं फिरलंय माझं, म्हणून लिहितेय.

आठवीतल्या पोरीचा विचार साधा होता. फिनेल, भांड्यांचा साबण, टॉयलेट क्लीनर वेगवेगळ्या प्रमाणात पातळ करायचं, त्यात डॅफ्निया सोडायच्या आणि किती पोहायच्या थांबतात ते बघायचं. डॅफ्निया म्हणजे तळ्यातली पाणपिसू, इवलीशी. जगभरच्या प्रयोगशाळा हेच करतात. 24 तासांच्या आतली पिल्लं, प्रत्येक द्रावणात किमान 20, आणि 48 तास. भांडं हलकेच हलवल्यावर 15 सेकंदांत जी पोहत नाहीत ती मोजायची. ज्या प्रमाणाला निम्मी थांबतात, तो त्या रसायनाचा आकडा.

बरं, या डॅफ्निया आणल्या कुठून? अक्वेरियमच्या दुकानातून. तिथे त्या माशांचं खाणं म्हणून विकतात! तेव्हा कुणाला जीवहत्या आठवत नाही. आणि पोरगी नकार ऐकून बाहेर आली तेव्हा व्हरांड्यात बादलीभर फिनेलचं पाणी मोरीत चाललं होतं. (ओतणाऱ्या मावशींना काय बोलणार, हातात दिलं ते ओततात.)

मुलांनी उगाच जीव मारू नयेत, ठीक आहे, पटतं. पण असाच प्रयोग कांद्याच्या मुळांवर होतो, तो तरी सुचवायचा! नुसतं 'नाही' म्हणून मोकळे.

संध्याकाळी तिने बरणी आणली. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर काचेसारखं आरपार अंग, आत धडधडणारं हृदय, पाठीच्या पिशवीत अंडी. खरं सांगते, साबणाच्या बाटलीकडे माझाही हात जाईना. भाची मात्र शेजारी वहीत रकाने आखत होती. तिला त्या मारायच्या नव्हत्या हो, किती साबण त्यांना सोसतो ते हवं होतं.

आळंदीला इंद्रायणीवर फेस दिसला की आपण सगळे हळहळतो. त्यात कारखान्यांचाही वाटा आहे, मान्य. पण सिंकमधून जातं ते कुणाचं? बाटलीवर '99.9 टक्के जंतूंचा नाश' ठळक छापतात, तो नाश मोरीपाशी थांबतो काय?

सरकारने 1991 साली पर्यावरणाला कमी घातक वस्तूंसाठी इकोमार्क आणला, साबण-डिटर्जंटसुद्धा त्यात होते. चिन्ह मातीचं मडकं. माझ्या घरातल्या एकाही बाटलीवर नाही. तुमच्या सिंकखाली बघा आणि सापडलं तर फोटो टाका. हिरवी पानं छापलेली लेबलं नकोत, मडकं हवंय.