काका, ओठ मिटून हसा

भाचीच्या लग्नात ग्रुप फोटोला आम्ही बाराजण उभे होतो. फोटोवाल्याने कॅमेऱ्यातून डोकं वर काढलं आणि नेमकं मलाच सांगितलं, "काका, तुम्ही तेवढे ओठ मिटून हसा." शेजारी पुढचे दोन्ही दात पडलेला पुतण्या खदाखदा हसत होता, त्याला काही नाही. म्हणजे दात नसलेले चालतात, पिवळे चालत नाहीत.

दुसऱ्या दिवशी खाण्याचा सोडा आणायला गेलो. सोड्याने घासा, वर लिंबाची साल फिरवा, असं मोबाईलमधल्या एका ताईंनी छातीठोकपणे सांगितलं होतं.

"सोडा कशाला, ढोकळा का?" दुकानदाराने विचारलं.

"दाताला," मी पुटपुटलो.

"कशाला?"

"दाताला!"

झालं. रांग जागी झाली. एक बाई म्हणाल्या, मीठ आणि मोहरीचं तेल. दुसऱ्या म्हणाल्या, तिळाच्या तेलाची गुळणी. तिसरीने केळ्याच्या सालीची आतली बाजू सुचवली आणि माझ्या पिशवीत केळी आहेत का तेही बघितलं. तेवढ्यात मागून पटकेवाले एक आजोबा पुढे सरकले.

"थांबा गं बायांनो. आधी बघू तर द्या. आ करा वो."

का कोण जाणे, मी आ केला. त्यांनी अंगठ्याने माझा ओठ वर केला, मान तिरपी केली, दुकानदाराला मोबाईलची बॅटरी मारायला लावली. आजोबांची उमर खरसुंडीच्या बाजारात बैलांच्या खरेदी-विक्रीत गेली होती, हे मला नंतर कळलं.

"दोन दाती, चार दाती, सहा दाती..." ते बोट फिरवत गेले. "जुळलाय."

"म्हणजे?" दुकानदार.

"म्हंजे सगळं दात आलं. आता ह्याच्यावरनं वय कळायचं न्हाई. इकणाऱ्यानं सांगंल ते खरं."

"आणि रंग?" मी तोंडात अंगठा असतानाच विचारलं.

"दाताचा रंग कोण बघतंय? खिल्लार जातीचा बैल असंल तर कातडं पांढरं बघायचं." मग त्यांनी माझ्या कातड्याकडेही एकदा बघितलं आणि पुढे काही बोलले नाहीत.

"कामाला कसा आहे?" दुकानदाराला आता रंग चढला होता.

"ते ह्यांच्या घरात इचारा."

सगळी रांग हसली. बत्तीस बत्तीस दात दाखवून हसली.

चार दिवस घासलं. सोडा आणि लिंबू एकत्र आले की फेस यायचा. मला वाटायचं, गुण येतोय. तो निव्वळ कार्बन डायऑक्साइड होता. पाचव्या दिवशी माठातलं पाणी प्यायलो आणि कळ थेट मस्तकात गेली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, की दातावरचं कवच शरीरात सगळ्यात कठीण असतं खरं, पण तोंडातला पीएच, म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा (जितका कमी तितकं आंबट), ५.५ च्या खाली गेला की ते विरघळायला लागतं. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५ च्या आसपास. गेलेलं कवच परत येत नाही. आणि त्याच्या खालचा थर मुळातच पिवळसर असतो. म्हणजे मी चार दिवस मेहनतीने पांढरं खरवडून पिवळं बाहेर काढत होतो. हे सांगायची त्यांनी वेगळी फी घेतली.

आमची आजी दिवसातून तीनदा मशेरी लावायची. तव्यावर भाजलेली तंबाखू ती. पण तिला कोणी व्यसन म्हणायचं नाही, 'दात घासतेय' म्हणायचे. आजोबांच्या विडीवरून घरात भांडणं व्हायची, हिच्या डबीवरून कधीच नाही. शेवटी तिच्या हिरड्यांचं जे झालं ते आठवलं की मला 'नैसर्गिक' या शब्दाचीच चीड येते. आणि लहानपणी ज्या कोळशाने दात घासतो म्हणून शाळेत आम्हाला गावंढळ म्हणायचे, तोच कोळसा आता ट्यूबमध्ये भरून मॉलमध्ये महागात विकतात. ती काळी पेस्ट घेणाऱ्याला कोणी गावंढळ म्हणत नाही!

दुकानात आता माझं नाव 'सोडावाले काका' पडलंय. आजोबा भेटले की लांबूनच हात वर करतात.

काल अल्बम आला. फोटोवाल्याने कॉम्प्युटरवर सगळ्यांचे दात पांढरेशुभ्र करून दिलेत. नवऱ्याच्या आजीच्या तोंडात पान होतं, तिचेसुद्धा. म्हणजे सोय त्याच्याकडे होतीच. त्या अकरा चकचकीत तोंडांच्या मधोमध मी, ओठ घट्ट मिटून, सांत्वनाला आल्यासारखा उभा आहे.